मथुराबाईंचा झिरा, दिवेकरांचा कमोड

अन्याय झाला तो मथुराबाई सावळीराम बेंडकोळी यांच्यावर. सत्त्याण्णव साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सात वाजता. ठिकाण, नाशिकच्या पश्चिमेला धरणाच्या काठावर त्यांनी स्वतःच्या हातांनी उकरलेला झिरा.

झिरा म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांना सांगावं लागेल. नळाच्या माणसाला ते माहीत असण्याचं कारणच नाही. पाण्याच्या कडेपासून दोन हात अलीकडे वाळूत कोपरभर खड्डा करायचा. वाळूतून पाझरून त्यात पाणी गोळा होतं, गाळ मागे राहतो. ते पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायचं. धरणाचं पाणी उतरत गेलं की झिराही खाली खाली न्यायचा. मथुराबाईंच्या सासऱ्यांची जमीन ह्याच पाण्याखाली गेलेली. पाणी नळानं शहरात जात होतं, चौथ्या मजल्यापर्यंत चढत होतं, आणि ज्यांच्या भाताच्या खाचरांवर ते उभं होतं त्यांना वाटीवाटीनं मिळत होतं.

त्या सकाळी झिऱ्यात एक कागद पडलेला होता. लाटेनं आणून टाकलेला. जाडसर, पांढरा, कडेला निळी फुलं. असा कागद मथुराबाईंनी कधी पाहिला नव्हता. दसऱ्याच्या कुठल्या तरी पूजेतला असेल म्हणून त्यांनी तो कपाळाला लावला आणि पायदळी येऊ नये म्हणून दगडावर वाळत घातला.

तो संडासात पुसायचा कागद आहे हे मी त्यांना सांगितलं. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि खरं ते तोंडावर सांगणं हा मोठा पराक्रम समजत होते. मथुराबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. मग खाली बसून वाळूनं हात घासत राहिल्या. बराच वेळ.

दहा वर्षं होऊन गेली. माझा राग अजून तेवढाच आहे. पण ह्या लेखात रागापेक्षा मजाच जास्त आहे, हे आधीच कबूल करते, कारण त्या कागदापायी मला माझा धंदा मिळाला आणि तो मला मनापासून आवडतो.

लेखाची सुरुवात अशी का, तेही सांगते. माझं लिहिण्याचं सगळं शिक्षण पत्रकांत झालं. भद्रकालीतल्या एका छापखान्यात गुलाबी कागदावर आमच्या संघटनेची पत्रकं निघायची आणि तिथल्या जुन्या कार्यकर्त्यांनी मला नियम घालून दिला होता: पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला आणि कधी. शेवटच्या ओळीत वाचणाऱ्यानं काय करायचं. मध्ये काय ते तुझं तू बघ. मध्ये मी राग भरायचे.

त्या वेळी आमची संघटना खेड्यांत शौचालयं बांधून द्यायची. हरसूलकडे खडक, पहारीनं खड्डा होत नाही. इगतपुरीकडे पावसाळ्यात खड्डा आपोआप पाण्यानं भरतो आणि आतलं सगळं वर तरंगतं. असल्या अडचणींवर फिरून फिरून मी निम्मी गवंडी झाले होते. मथुराबाईंच्या पाड्यावर मी त्याच कामासाठी गेले होते, म्हणून तो कागद मला दिसला.

कागद आला कुठून, हे शोधायला वेळ लागला नाही. त्याच काठावर थोडं पुढे नौकाविहाराचा एक क्लब होता. शिडाच्या छोट्या बोटी बऱ्याच, पण तीन बोटींना खाली झोपायची केबिन होती आणि केबिनमध्ये कमोड. त्यातली सगळ्यात मोठी बोट दिवेकरसाहेबांची. साहेब अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर, सज्जन माणूस, बोटीवर पोटच्या मुलीसारखा जीव. ही बोट त्यांनी मुंबईहून ट्रकवर घालून कसारा घाट चढवून आणली होती.

बोटीबरोबर समुद्रावरची एक सवयही घाट चढून आली. बोटीच्या कमोडला शेजारी एक हातदांडा असतो. दांडा हाणला की कमोडमधलं सगळं एका नळीतून बोटीच्या बुडातल्या भोकाकडे जातं आणि भोकातून थेट बाहेर. टाकी नाही, खड्डा नाही, काही नाही.

मी क्लबात गेले. हातात पत्रक होतंच. व्हरांड्यात दिवेकर आणि क्लबचे सेक्रेटरी बसले होते. सेक्रेटरींचं नाव लिहीत नाही, पुढे ते फार चांगले वागले.

"म्हणजे हे थेट पाण्यात सोडता?" मी विचारलं.

"समुद्रात सगळे तसंच करतात," दिवेकर म्हणाले.

"हा समुद्र नाही."

"मान्य. पण एवढं मोठं धरण, त्यात एका बोटीनं असा काय फरक पडतो?"

"तुमच्या घरच्या टाकीत मी एकच चमचा टाकते. चालेल?"

दिवेकर लाल झाले. सेक्रेटरी मात्र शांतपणे पत्रक वाचत होते. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथं लिहिलंय की मथुराबाईंच्या सुनेला जुलाब झाले ते ह्याच पाण्यानं. डॉक्टरांनी तसं सांगितलंय?"

सांगितलं नव्हतं. सून आजारी होती हे खरं. कशानं, ते कुणालाच माहीत नव्हतं. मला वाटलं होतं म्हणून मी छापलं होतं. त्या एका ओळीनं बाकीची सगळी खरी पत्रकं खोटी ठरू शकली असती, ह्याची लाज मला आजही वाटते.

सेक्रेटरी म्हणाले, "बाई, पत्रक काढणं सोपं असतं. मैला साठवायची टाकी परदेशी बोटींत असते हे मलाही ठाऊक आहे. पण ती बसवणारा माणूस नाशकात कुठून आणू?"

"मी बसवते."

हे मी बोलले तेव्हा मी आयुष्यात एकदाही बोटीत बसले नव्हते.

सेक्रेटरींनी मला शब्दात पकडलं. म्हणाले, दिवेकरांच्या बोटीत बसवून दाखवा, साहित्य क्लब देईल. संक्रांतीच्या आधी चाचणी. चालली तर क्लबचा नियम करू: बुडातल्या भोकाचा कॉक कायमचा बंद, तिन्ही बोटींना टाकी. नाही चालली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

मी हो म्हणून आले आणि सरळ पंचवटीत वामनमामाकडे गेले.

वामनमामा माझ्या आईचा भाऊ, तीस वर्षांचा प्लंबर. अर्ध्या पंचवटीच्या भिंतींतून कुठली नळी कुठून गेली आहे हे घरमालकांना नाही, मामाला माहीत. पाण्यात मात्र त्यानं गुडघ्याच्या वर पाय कधी घातलेला नाही. रामकुंडावरसुद्धा तांब्यानं आंघोळ.

मामा बशीतून चहा पीत होता.

"मामा, एक मैल्याची टाकी बसवायचीय."

"कितव्या मजल्यावर?"

"बोटीत."

मामानं बशी खाली ठेवली. "विजू, हे तुझं पत्रक आहे का खरंच काम आहे?"

"खरंच काम आहे."

"बोट हलते ना?"

"हलते."

मामानं बशी पुन्हा उचलली. मग त्याचं ठरलेलं वाक्य म्हणाला, "हलू दे. पाणी उताराला जातं. बाकी सगळी वादावादी."

बोटीतली मैल्याची टाकी ही गोष्ट ऐकायला भारी वाटते, पण तिच्यात चारच वस्तू असतात. एक टाकी. कमोडमधून टाकीत येणारी नळी. टाकीतली हवा बाहेर जायला एक बारीक नळी. आणि टाकीच्या तळापासून बोटीच्या वरच्या फळीपर्यंत आलेली एक जाड नळी, तिला वर झाकण. बोट काठाला आली की ते झाकण उघडायचं, काठावरच्या पंपाचा पाइप तिथं बसवायचा आणि टाकीतलं सगळं ओढून काठावरच्या बांधीव टाकीत घालायचं. झालं.

ह्यातली हवेची नळी लोकांना नेहमी फालतू वाटते. नामपूरच्या एका कांदा व्यापाऱ्याला मी शौचालय बांधून दिलं होतं. ही नळी कशाला हवी म्हणून शेठनं मला विचारलं, "ताई, वास ते येत नही, मंग हाई नळी कसाले जोयजे?" वास येत नाही तो नळीमुळेच, हे मी समजावून सांगितलं. माझी पाठ वळताच शेठनं नळीच्या तोंडावर नारळ बसवला. आठवड्याभरानं मला निरोप आला, "ताई, लवकर या, पाव्हणा पळी ग्यात." तर हवेची नळी फालतू नसते. ही गोष्ट मी मामाला सांगून हसले होते. हसायला नको होतं.

टाकी कशाची करायची, हा पहिला प्रश्न. पत्र्याची सडेल, सिमेंटची बोट बुडवेल. मामानं उपाय काढला. अंबडला धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्यांत आम्लाच्या टाक्या लागतात, त्या जाड प्लास्टिकच्या तावांना वितळवून जोड मारून करतात. मामाच्या ओळखीचा तसा एक कारागीर होता. त्यानं पुढच्या बाकाखालच्या जागेच्या मापानं, बोटीच्या पोटासारखी निमुळती टाकी करून दिली. कशासाठी पाहिजे ते कळल्यावर म्हणाला, "आम्लाला गळत नाही, तर ह्याला काय गळते." दहा वर्षांत खरंच गळली नाही. त्या माणसाला माझा नमस्कार.

पंपही नाशकातच सापडला. इमारतीचा पाया खणला की त्यात गढूळ पाणी साठतं, ते उपसायला एक जाड रबरी पडद्याचा हातपंप असतो. दगड सोडून त्यातून सगळं जातं. तो आम्ही क्लबच्या धक्क्यावर बोल्टनं पक्का केला.

मग बसवायचं काम. बोट पाण्यातून ओढून ट्रॉलीवर, धक्क्याच्या उतारावर उभी केली होती. मामानं सगळ्यात आधी आपली लेव्हलची नळी काढली. पारदर्शक लांब नळी, तिच्यात पाणी. दोन टोकं दोन भिंतींना लावली की पाणी दोन्हीकडे सारख्या उंचीवर थांबतं आणि मिस्त्रीला खरी पातळी मिळते. नाशकातली सगळी घरं ह्या नळीवर उभी आहेत. मामानं बोटीतही त्याच नळीनं खुणा केल्या. टाकी पातळीत, नळ्यांना इंचाइंचाचा उतार, तळातला कोपरा डावीकडे सखल दिसला म्हणून ओढून घेणारी नळी त्या कोपऱ्यात, आणि हवेच्या नळीचं भोक बोटीच्या उजव्या कुशीत. काम असं देखणं झालं होतं की दिवेकरांनी फोटो काढला.

जातिवंत घरमिस्त्रीशिवाय कुणाच्या हातून होणार नाही अशी चूक तिथंच झाली होती. आम्हा दोघांनाही दिसली नाही.

चाचणीचा दिवस. बुडातला कॉक मी स्वतः बंद करून तारेनं बांधून टाकला. बोटीत दिवेकर, सेक्रेटरी, त्यांच्या पत्नी आणि मामा. मामा यायला तयार नव्हता. "माझं काम मी जमिनीवरून बघतो," म्हणत होता. शेवटी सेक्रेटरींच्या पत्नी म्हणाल्या, "मिस्त्री, तुमचाच भरवसा नसेल तर आम्ही कशाला बसू?" तेव्हा तो हत्यारांची पिशवी छातीशी धरून चढला.

मी चढले नाही. मी मथुराबाईंना घेऊन काठावर उभी होते. त्यांना दाखवायचं होतं ना, की बघा, झालं.

वारा चांगला होता. शीड भरलं, बोट उजव्या कुशीवर कलली, आणि सुंदर दिसत होती, हे मला मान्य केलं पाहिजे. पाच मिनिटांनी ओरडण्याचा आवाज आला.

काय झालं ते मामानं नंतर सांगितलं. उजवी कूस पाण्यात दबली तेव्हा हवेच्या नळीचं भोक पाण्याखाली गेलं. धरण त्या भोकातून टाकीत शिरलं. टाकी भरली. भरल्यावर आतलं सगळं आल्या वाटेनं परत निघालं आणि कमोडमधून वर आलं. बाई जरा वेळापूर्वीच तिथं जाऊन आल्या होत्या. केबिनमध्ये घोट्यापर्यंत पाणी, आणि ते पाणी नव्हतं.

दिवेकरांनी शीड सोडलं, बोट सरळ केली आणि बादलीसाठी हात घातला. पाणी शिरलं की बादलीनं उपसून बाहेर टाकायचं, ही नाविकाची उपजत बुद्धी. पण बादली मिळेना. मामा बादली पालथी घालून तिच्यावर बसला होता.

"मिस्त्री, उठा! बादली द्या!"

"बाहेर टाकायचं नाही, साहेब."

"अहो, बोटीत घाण भरलीय!"

"बोटीतच राहू द्या. तेवढ्यासाठी तर आलोय."

"मी सांगतोय ना, उठा!"

"साहेब, पलीकडं त्या बाई उभ्या आहेत," मामा म्हणाला. "माझी भाची पण उभी आहे. बाहेर टाकलं तर ती मला घरात घ्यायची नाही."

पोहता न येणारा माणूस, पिशवी छातीशी, पण उठला नाही. अर्धा तास लागला परत यायला. अर्धा तास ती चार माणसं त्यात पाय बुडवून बसली होती. सेक्रेटरी पांढरे मोजे घालून आले होते.

काठावर मथुराबाईंनी मला विचारलं, "ताई, काय झालं वं? धरनात सांडलं का?"

मला खोटं बोलता आलं असतं. पत्रकातली ती ओळ आठवली.

"थोडं गेलं असेल, मावशी. हवेच्या भोकातून. नक्की माहीत नाही."

मथुराबाईंनी बोटीकडे बघितलं. म्हणाल्या, "मंग आज वरच्या आंगाला झिरा करते. तू बी चल, खोरं धर."

मी गेले. खोरं धरलं. वाळूत खणताना मला वाटत होतं, संपलं. चाचणी फसली, विषय पुन्हा काढायचा नाही, दिवेकर तार सोडतील आणि कॉक उघडतील. ह्या बाईनं आणखी किती वर्षं लाटेकडे बघून झिरा करायचा? माझ्या शब्दावर त्यांनी पाय ओढत इतकं अंतर चालून येऊन बघितलं होतं, आणि बघायला काय मिळालं?

संध्याकाळी तोंड चुकवत क्लबात गेले तर सेक्रेटरी अनवाणी पायांनी व्हरांड्यात बसले होते. तीन वेळा साबणानं पाय धुतले होते म्हणे. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अर्धा तास होतो त्यात. एकाच माणसाचं होतं आणि तेही माझ्या घरातलं." थोड्या वेळानं म्हणाले, "रविवारी तीन बोटी असतात. प्रत्येकीत चार-पाच माणसं. आणि आम्ही हे गेली चार वर्षं..." वाक्य पुरं केलं नाही.

मग म्हणाले, "चूक कुठं झाली ते शोधा. आणखी एकदा."

माझ्या एकाही पत्रकाचा कुणावर एवढा परिणाम झालेला नाही.

चूक मामाला सापडली ती चहात. दुसऱ्या दिवशी बोट धुऊन काढून धक्क्याला नुसती बांधून ठेवली होती. मामा आत जाऊन बसला, तिथंच चहा मागवला आणि सवयीनं बशीत ओतला. बोट हलत होती. मामा बशीकडे बघत बसला. चहा पिईना.

"विजू, इकडं ये. हे बघ. बशी वाकडी होतेय, चहा सरळच राहतोय."

"मग?"

"मग काय? घर जमिनीला बांधलेलं असतं, म्हणून मी जमिनीची पातळी धरतो. ही जमिनीला बांधलेलीच नाही. मी चहाची पातळी धरून बशी बसवली."

तेव्हा उलगडलं. बोट ट्रॉलीवर होती तेव्हा तिचं एक चाक दगडावर चढलेलं होतं. बोट डाव्या बाजूला झुकून उभी होती. मामाची नळी खरं बोलत होती, पण जमिनीबद्दल. त्या हिशेबानं उजवीकडचं भोक बोटीच्या अंगावर चार बोटं खाली पडलं, पाण्याच्या अगदी जवळ. सखल दिसलेला डावा कोपरा पाण्यावर गेल्यावर सखल राहिलाच नाही. आणि भोक चार बोटं वर असतं तरी वारा जोरात आल्यावर बुडालंच असतं, कारण बोटीचा उतार वारा ठरवतो. आज इकडे, उद्या तिकडे.

तीस वर्षांच्या मिस्त्रीनं आपली लेव्हलची नळी गुंडाळून पिशवीत घातली. हे दृश्य मी विसरणार नाही. मग बोटीच्या नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध एक सुतळी ताणली. "हिची जमीन ही," म्हणाला. त्या सुतळीवरून सगळी मापं नव्यानं घेतली. टाकी सुतळीच्या बरोबर खाली आणली. ओढून घेणारी नळी टाकीच्या मध्यात, तळाला टेकवून. आणि हवेची नळी मधून वर, डोलकाठीच्या बुडाशी माणसाच्या छातीइतकी उंच, वरचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वाकवलेलं. जुनं भोक बुजवलं. कुठल्याही कुशीवर झोपवा, ते टोक पाण्याला लागणार नाही. दिसायला बोट जरा विचित्र दिसायला लागली. दिवेकर ते टोक बघून म्हणाले, "मिस्त्री, हिला सोंड फुटली." मामा म्हणाला, "गणपतीला पण आहे, साहेब. कुणी हसत नाही."

दुसरी चाचणी. ह्या वेळी मीही चढले. दिवेकरांनी मुद्दाम बोट इतकी कलती केली की माझा चेहरा पांढरा पडला. डावीकडे. उजवीकडे. मी केबिनमध्ये हातात टॉर्च घेऊन कमोडसमोर बसले होते. धंद्याची ही बाजू दिवाळी अंकात शोभत नाही, पण तास-दीड तास मी फक्त एका कमोडकडे बघत होते, आणि त्यातून काहीही वर आलं नाही. इतकं समाधान मला पुढे फार थोड्या गोष्टींनी दिलं.

धक्क्याला परत आलो. आता शेवटचं काम, टाकी रिकामी करायची. झाकण उघडलं, पाइप बसवला. पंपाचा दांडा मोकळा उभा. सेक्रेटरी इकडे तिकडे बघत म्हणाले, "त्या सफाईवाल्याला बोलावलंय, यायला हवा होता."

इथं माझा जुना राग परत आला आणि बरं झालं आला.

"कशाला बोलावलाय?"

"म्हणजे... पंप मारायला."

"घाण कुणाची?"

सेक्रेटरींनी दिवेकरांकडे बघितलं.

"साहेब, हा पंप आम्ही हाताचा का बसवला माहीत आहे? दांडा धरायला विशिष्ट जातीचा हात लागत नाही म्हणून. ज्याची बोट, त्याचा हात. नियमात हे पण लिहा. नाहीतर मथुराबाईंच्या झिऱ्यातून काढून दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर ठेवल्यासारखं होईल, आणि त्यासाठी मी कमोडसमोर बसले नव्हते."

दिवेकर माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता निघून जातील. त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं. बाह्या वर केल्या. दांडा धरला आणि हाणायला लागले. पहिले दहा-वीस हात नुसती हवा. मग पाइप जड झाला, दचकला, आणि काठावरच्या टाकीत धबधब आवाज आला.

मथुराबाई हंडा घेऊन धक्क्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या होत्या. साहेबांना घाम फुटलेला बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. मग पदर काढून मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "हाना साहेब, हाना! लय जड हाय का? आमी रोज दोन हंडे चढवतो, तवा आमाला कोनी बघाया येत नाय."

दिवेकर दांडा न सोडता, धापा टाकत म्हणाले, "या ना बाई, दोन हात मारता का?"

"आत्ता गं बया! तुमचं तुमी करा. मी माझं पानी भरते."

आणि गेल्या. काठाकडे, खालच्या अंगाला, आपल्या जुन्या झिऱ्यावर. वरच्या अंगाला केलेला झिरा सोडून. मी मागे गेले नाही. लांबून बघितलं. त्या वाटीवाटीनं हंडा भरत होत्या आणि मध्येच एक वाटी तोंडाला लावली.

नियम झाला. क्लबच्या फळ्यावर लिहिला गेला, शेवटच्या ओळीसकट. तिन्ही बोटींच्या बुडातले कॉक बंद, टाक्या आम्हीच बसवल्या, सुतळी ताणून. नंतर आणखी दोन-तीन बोटी आल्या, त्यांचंही काम आमच्याचकडे. बोटीत मैल्याची टाकी बसवण्याच्या धंद्यात नाशिक जिल्ह्यात मामा आणि मी पहिले होतो, आणि माझ्या माहितीप्रमाणे शेवटचेही. मामा आता पायऱ्या चढत नाही, पण कुणी विचारलं काय काम केलं आयुष्यात, तर पंचवटीतली घरं सांगत नाही. "बोटी केल्या," म्हणतो.

सगळंच जमलं असं नाही. टाकीमुळे झिरा स्वच्छ झाला, पण झिरा तो झिराच. पाड्यावर नळ यायला आणखी आठ वर्षं अर्ज करावे लागले. नळ आला तेव्हा मथुराबाईंना हंडा उचलवत नव्हता. मी भेटायला गेले तर नळ दाखवला, सोडून दाखवला, बंद करून दाखवला. म्हणाल्या, "बेस हाय. पर ताई, हे पानी कुठून येतं आन वाटंत त्यात कोनी काय टाकलं, ते दिसत नाय. झिऱ्याचं दिसत हुतं."

मी त्यांना म्हटलं, शहरातल्या लोकांना हेच तर कधी दिसलं नाही.

तर आता शेवटची ओळ, आणि ती तुमच्यासाठी आहे. हा अंक खाली ठेवा. फराळाचं ताट बाजूला करा. घराच्या किंवा सोसायटीच्या मागच्या बाजूला जा आणि तुमच्या संडासाची नळी कुठे जाते ते शोधा. टाकीत जाते? टाकी भरल्यावर पुढे कुठे? नाल्यात? नाला कुठे? नदीत? नदीच्या खालच्या अंगाला पाणी भरायला कोण येतं? पाण्यासारखे उताराला चालत जा, तो माणूस सापडेपर्यंत थांबू नका. सापडला की त्याचं नाव विचारा, तो किती वाजता पाणी भरतो ते विचारा आणि कागदावर लिहा. पत्रकाची पहिली ओळ तयार होईल. ती घेऊन घरी या आणि मग स्वतःच्या बाह्या वर करा.